अर्जुनाने भीड बाजूला ठेवली



आजचं वाचन : ज्ञानेश्वरी, अध्याय ३, सुरुवातीच्या ओव्या (गीता ३.१ आणि ३.२)

मंडळी, आज आधी एक प्रश्न. गेल्या महिन्याभरात "काही नाही, मी बघते" किंवा "मी करतो मॅनेज" असं तुम्ही किती वेळा म्हणालात? आणि त्यातल्या किती वेळा ते खरं होतं?

माझं उत्तर मी खाली सांगणारच आहे. पण आधी वाचन.

काय घडतंय?

दुसरा अध्याय संपलाय. भगवंतांनी आत्म्याचं अमरत्व सांगितलं, कर्मयोग सांगितला, स्थितप्रज्ञाची लक्षणं सांगितली. इतकं सगळं ऐकल्यावर आपण काय केलं असतं? मान हलवली असती. "हो हो, कळलं" म्हटलं असतं. समोर साक्षात श्रीकृष्ण बोलतोय, त्याला कोण सांगणार की तुझं बोलणं मला कळलं नाही?

अर्जुन सांगतो. गीतेत तो दोन श्लोकांत सरळ म्हणतो, की कर्मापेक्षा बुद्धी श्रेष्ठ असं तुझंच मत असेल, तर मग मला या घोर कर्मात का ढकलतोस? तुझ्या दुहेरी बोलण्याने माझी बुद्धी गोंधळलीय. माझं कल्याण होईल असं एकच काय ते नक्की सांग.

ज्ञानेश्वर माऊलींनी शके १२१२ मध्ये (इ.स. १२९०) नेवाशाला हे दोन श्लोक उलगडले, तेव्हा अर्जुनाच्या या तक्रारीला त्यांनी भरपूर जागा दिली. त्यांचा अर्जुन म्हणतो (हे माझ्या शब्दांत): देवा, वैद्याने पथ्य सांगावं आणि मग स्वतःच विष द्यावं, तर रोग्याने जगायचं कसं? आंधळ्याला आडवाटेला लावावं, माकडाला दारू पाजावी, तसा हा उपदेश मला झालाय. मी आधीच अजाण, त्यात या मोहाने गाठलंय. मी तन-मन-जिवाने तुझ्या शब्दावर विसंबलोय आणि तूच असं करायला लागलास तर संपलंच सगळं.

यापुढची त्याची मागणी मला सगळ्यात जास्त आवडते. तो म्हणतो, गूढ अर्थाने बोलू नकोस. मला सरळ मराठीत सांग!

कुरुक्षेत्रावरच्या अर्जुनाच्या तोंडी माऊलींनी चक्क मराठीची मागणी घातली आहे. मला समजेल असं बोल, हीसुद्धा एक गरजच आहे आणि ती मागता येते. पुढे तो असंही म्हणतो की औषध रोग बरा करणारं तर हवंच, पण चवीलाही गोड असावं. म्हणजे उपदेश खरा हवा आणि मला पचेल असाही हवा. किती मोकळेपणाने मागतोय बघा!

भीड

आणि मग येतो आजच्या वाचनाचा गाभा. एवढं बोलून झाल्यावर आपलं बोलणं जास्त होतंय का, हा विचार अर्जुनाच्याही मनात येत असणार. कारण तो स्वतःच त्याचं उत्तर देतो. त्याचा आशय असा : तुझ्यासारखा गुरू मिळालाय, तर मी माझी इच्छा पुरी का करून घेऊ नये? इथे भीड कसली बाळगायची? तू तर आमची आई आहेस. कामधेनूचं दुभतं मिळाल्यावर मागण्यात कंजुषी कशाला? अमृताच्या समुद्राशी येऊन तहानेलंच राहायचं, तर इथवर येण्याचे कष्ट तरी का घेतले? आणि लेकराला आईपाशी दूध मागायला अवेळ अशी नसतेच.

'भीड' या शब्दापाशी जरा थांबूया. हा फार आपला शब्द आहे. भीती म्हणजे भीड नाही. लाज म्हणजेही नाही. भीड म्हणजे समोरच्याला कसं वाटेल, आपण त्याला अडचणीत तर टाकत नाही ना, आपण हावरट तर दिसणार नाही ना, या सगळ्याची मिळून एक गाठ, जी बरोबर गळ्यात बसते. "भिडेखातर केलं", "भीड पडली", "भीड मोडवेना" असं आपण रोज म्हणतो. आपल्या आज्यांनी तर 'भीड भिकेची बहीण' असं सांगून ठेवलंय. तरी आपण भिडेलाच चांगुलपणा समजतो.

अर्जुन ही भीड कशी मोडतो ते नीट बघा. "मी एवढा मोठा धनुर्धर, मला मागायचा हक्क आहे" असं तो म्हणत नाही. उलट स्वतःला अजाण म्हणतो. मागण्याचं बळ त्याला "तू माझी आई आहेस" यातून मिळतं.

हे वाचून मी हलले. कारण स्वतःच्या गरजेबद्दल बोलायचं तर आधी आपल्यात जबरदस्त आत्मविश्वास हवा, आरशासमोर उभं राहून "आय ॲम इनफ" म्हणता यायला हवं, असंच मी इतकी वर्षं समजत होते. इथे अर्जुनाकडे आत्मविश्वास जवळजवळ शून्य आहे. त्याच्याकडे समोरच्याबद्दल विश्वास आहे. तेवढ्यावर तो बोलतो.

माझी गोष्ट

आता माझं उत्तर.

गेल्या वर्षी आईचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. सकाळी सहाला निघायचं, आईला मशीनवर लावेपर्यंत थांबायचं, मग बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडायचा. मीटिंग आली की कानात इअरफोन आणि म्यूट. घरी आल्यावर आईचं जेवण, मोजून पाणी, आणि रात्री एकपर्यंत राहिलेलं काम. दादा बंगळुरूला. रोज व्हिडिओ कॉल करायचा. "कसं चाललंय?" "मस्त. तू काळजी करू नकोस."

ऑफिसमध्ये मॅनेजरला एवढंच माहीत होतं की आई 'थोडी आजारी' आहे. सकाळच्या मीटिंगची वेळ तीन दिवस बदलून मागायची, एवढी साधी गोष्ट. सात महिने मागितली नाही.

आणि खरं सांगते, यात मला थोडा अभिमानही होता. मी सेवा करतेय. मी कुणाकडे काही मागत नाही. रात्री हरिपाठ म्हणताना डोळे मिटायचे, तरी मनात एक कोपरा म्हणायचा, बघ, किती निष्काम आहेस तू!

मग एका शनिवारी आईला मशीनवरून काढल्यावर चक्कर आली, घरी निघायला दोन तास उशीर झाला, माझा एक कॉल चुकला. आई म्हणाली, "अगं, जरा बस ना शांत." आणि मी त्या वेटिंग रूममध्ये, सगळ्यांसमोर, आईवर ओरडले. "मी एकटीनेच करायचं का सगळं? मला नाही का जीव?"

आई काहीच बोलली नाही. फिस्टुलाचा हात मांडीवर ठेवून खाली बघत राहिली.

ज्यांच्याकडे मागायचं होतं त्यांच्याकडे मी मागितलं नव्हतं. दादाकडे नाही, मॅनेजरकडे नाही. आणि साठलेलं सगळं निघालं ते कुणावर? जिच्याकडे त्यातलं काहीच द्यायला नव्हतं, तिच्यावर.

न बोललेली गरज कुठे जात नाही. ती वाट बघते आणि चुकीच्या दिवशी, चुकीच्या माणसावर, चुकीच्या आवाजात बाहेर पडते. माझ्या निष्काम सेवेचा हिशोब मी रोज मनात लिहीतच होते. त्या दिवशी फक्त बिल फाडलं.

पण मागणं म्हणजे सकाम नाही का?

आपल्यासारख्या, थोडंफार वाचणाऱ्या, कीर्तन ऐकणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न हमखास अडवतो. आपण ऐकलेलं असतं की फळाची अपेक्षा नको. खरा भक्त मागत नाही. देवाला सगळं कळतं. मग तोंड उघडायचं कशाला?

तीन गोष्टी बघूया.

पहिली. गीतेच्या सातव्या अध्यायात (७.१६) भगवंत स्वतः चार प्रकारचे भक्त सांगतात. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे दुःखात हाक मारणारा. अर्थार्थी म्हणजे काहीतरी हवं म्हणून येणारा. ज्ञानी त्यांना सगळ्यात प्रिय आहे, हे खरं. पण दोनच श्लोकांनंतर (७.१८) ते या सगळ्यांनाच 'उदार' म्हणतात. जो मागायला आला त्यालाही. भगवंतांनी ज्याला दारातून हाकललं नाही, त्याला आपण आपल्याच मनातून का हाकलतो?

दुसरी. न मागणाऱ्या भक्ताचं उदाहरण म्हणून आपण नेहमी सुदाम्याचं नाव घेतो. द्वारकेला गेला, पोहे दिले, काही न मागता परत आला. खरंय. पण भागवताच्या दशम स्कंधातली ती कथा सुरू कुठून होते, आठवा. त्याच्या बायकोपासून! घरातली उपासमार तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितली. तुमचा मित्र द्वारकेचा राजा आहे, त्याच्याकडे जा, असं तिनेच सुचवलं. आणि भेट म्हणून न्यायला घरात काही नव्हतं, तेव्हा शेजारच्या घरांतून चार मुठी पोहेही तीच मागून घेऊन आली. सुदाम्याच्या न मागण्याची कीर्तनं होतात. त्याच्या बायकोने दोनदा तोंड उघडलं म्हणून ती भेट घडली, हे आपण विसरतो.

तिसरी. फळाची आसक्ती नको म्हणजे शरीर-मनाच्या गरजाच नकोत, असं गीता म्हणत नाही. सहाव्या अध्यायात (६.१६-१७) स्वच्छ सांगितलंय की अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसाच मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही, तसा सतत जागणाऱ्यालाही नाही. आणि सतराव्या अध्यायात (१७.५-६) शरीराला उगाच छळणाऱ्यांबद्दल भगवंत म्हणतात की ते आत राहणाऱ्या मलाही छळतात. रात्री एकपर्यंत जागून पहाटे पाचला उठणारी मी हे श्लोक वाचत होते आणि त्यात मी कुठे आहे हे मला दिसत नव्हतं!

मागणं आणि आसक्ती यांत फरक आहे. गरज सांगणं हे कर्म आहे, ते आपल्या हातात आहे. ती पुरी होणं हे फळ आहे, ते नाही. आपण नेमकं उलटं करतो. सांगत नाही, आणि तरी पुरी व्हावी म्हणून आतून धरून बसतो. समोरच्याला न सांगता कळावं ही अपेक्षा सगळ्यात मोठी सकामता आहे, असं मला आता वाटतं.

भीत भीतच बोलला

तुम्ही म्हणाल, हे सगळं पटलं, पण बोलायची वेळ आली की शब्दच फुटत नाहीत. त्यासाठी ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायाची सुरुवात वाचा.

अर्जुनाला विश्वरूप डोळ्यांनी पाहायचंय. गीतेत तो लगेच मागतो, तेही किती सुंदर अदबीने : मला ते पाहता येईल असं तुला वाटत असेल, तर दाखव. पण माऊली आपल्याला त्या वाक्याच्या आधीच्या क्षणात नेतात. अर्जुनाच्या मनात काय उलघाल चाललीय? लक्ष्मी एवढी जवळची, तिनेसुद्धा हे विचारायचं धाडस केलं नाही. गरुडाएवढी सेवा माझ्या हातून झाली आहे का? सनकादिकांपेक्षा का मी जवळचा? त्यांनी कुणी विचारलं नाही, मग मी कसं विचारू? आणि न विचारावं तर एक क्षण चैन पडत नाही!

ओळखीचं वाटतं ना? "टीममध्ये बाकी कुणी रजा मागत नाही, मग मी कशी मागू?" "माझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक आहेत." सातशेहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या मनातला संवाद कुणीतरी लिहून ठेवलाय.

शेवटी तो ठरवतो की थोडंसं, हळूच विचारून बघू. पुढे देवाची मर्जी. आणि माऊली म्हणतात की तो भीत भीतच बोलायला लागला.

भीती गेल्यावर बोलला असं नाही. भीतीसकट बोलला. आत्मविश्वास आधी येईल आणि मग मी बोलेन, असं म्हणून वाट बघणाऱ्या प्रत्येकासाठी हे आहे. थोडंसं विचारायचं, आवाज कापला तर कापू द्यायचा. वासरू दिसताच गाय जशी धावते, तसे भगवंत पुढे झाले.

आणि गंमत पुढे आहे. विश्वरूप पाहून अर्जुन घाबरतो आणि म्हणतो, हे नको, मला तुझं ते नेहमीचं रूपच हवंय! आपण मागून घेतलेली गोष्ट आपल्याला झेपत नाही, हे कबूल करायला केवढी भीड पडेल आपल्याला. ज्ञानेश्वरीत भगवंत त्याला यावरून थोडं रागेही भरतात. पण रूप आवरतात. घाबरलेल्याला धीर देतात. मागून घेतलेलं प्रमोशन, स्वतः हट्टाने निवडलेला कोर्स, स्वतः अंगावर घेतलेली जबाबदारी, यांच्याबद्दलही "मला हे जड जातंय" असं म्हणता येतं. म्हणणारा आधी अर्जुन होता.

कसं बोलायचं?

आजच्या ओव्यांत अर्जुनाने जे केलं, त्याचे चार भाग मला दिसले. मी ते वहीत लिहून ठेवलेत.

१. मी तुझं ऐकलंय. (तो सुरुवातच अशी करतो, की तू बोललास ते मी नीट ऐकलं.)
२. मी इथे अडकलोय. (दोष देण्याआधी स्वतःची अवस्था सांगतो.)
३. माझा तुझ्यावर विश्वास आहे.
४. मला एवढं हवंय. (एकच, स्पष्ट, मला करता येईल असं.)

आपलं कुठे चुकतं? आपण चौथा भाग गाळतो. "खूप लोड आहे हो सध्या" एवढंच म्हणून थांबतो आणि समोरच्याने बाकीचं ओळखावं अशी वाट बघतो. किंवा दुसऱ्या भागाच्या जागी "तुला काय पडलंय!" येतं.

आणि बोलण्याआधी एक चाळणी. सतराव्या अध्यायात (१७.१५) वाणीचं तप सांगितलंय. शब्द समोरच्याला खुपणारे नसावेत, खरे असावेत, प्रिय असावेत आणि हिताचे असावेत. आपण 'प्रिय' एवढंच धरतो आणि 'खरं' सोडून देतो. "मी मस्त आहे, तू काळजी करू नकोस" हे दादाला प्रिय होतं. खरं नव्हतं. हिताचं तर कुणाच्याच नव्हतं. माझ्या गोड बोलण्यात तप नव्हतं, खोटं होतं.

मी काय केलं

त्या शनिवारनंतर दोन दिवस मी आईच्या डोळ्यांत बघू शकले नाही. मंगळवारी बाकावर बसून या ओव्या वाचल्या. आणि तिथूनच दादाला फोन लावला. हात गार पडले होते. मी वहीत लिहिलेलं जवळजवळ वाचूनच दाखवलं. "दादा, तू रोज फोन करतोस, ते मला कळतं. पण मी थकलेय. मी शनिवारी आईवर ओरडले. मला महिन्यातला एक आठवडा तू इथे हवा आहेस."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "तू कधी बोललीच नाहीस गं. मला वाटलं मी आलो तर तुला वाटेल की तुझ्यावर भरवसा नाही."

म्हणजे तोही भिडेतच होता! आणि मी मात्र सात महिने त्याला मनातल्या मनात नापास करून बसले होते, प्रश्नपत्रिका न देताच. माझं न मागणं नम्रतेतून आलेलं नव्हतं. तो अविश्वास होता. "तू माझा भाऊ आहेस" एवढंही मी धरून चालले नव्हते.

सगळं मिळालं का? नाही. दादाला दर महिन्याला जमत नाही, दीड-दोन महिन्यांनी पाच दिवस येतो. मॅनेजरने मीटिंग साडेअकरावर नेली, पण शनिवारच्या सपोर्टमधून मला सोडता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. मला वाईट वाटलं. पण सात महिने जे ओझं मी अंदाजाने वाहत होते, त्याचं खरं वजन त्या दिवशी कळलं. शनिवारसाठी आता शेजारच्या काकू आईसोबत जातात. त्यांनाही विचारावंच लागलं. त्या म्हणाल्या, "अगं, मी कधीची वाट बघत होते तू सांगशील म्हणून."

'नाही' आलं तर? अर्जुनाचंही आठवा. त्याचं पहिलं मागणं होतं, मला लढायचं नाही. ते मान्य झालं नाही. पण ते ऐकलं गेलं, पूर्ण. मन आवरत नाही अशी तक्रार त्याने केली, तेव्हा भगवंतांनी "खरंय, मन चंचलच आहे" असं आधी कबूल केलं आणि मगच अभ्यासाची वाट दाखवली (६.३५). आणि शेवटी, सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, नीट विचार कर आणि तुला वाटेल ते कर (१८.६३). जो मोकळेपणाने विचारतो, त्याचं पाऊलही शेवटी मोकळं होतं.

एक सावधगिरी मात्र हवी. समोर प्रत्येक वेळी कृष्ण नसतो. पांडवांसाठी कृष्णशिष्टाईत पाचच गावं मागितली गेली, तरी दुर्योधनाने सुईच्या टोकाएवढीही जमीन नाकारली. असे लोक आपल्याही वाट्याला येतात. मागितल्यावर अपमान करणारे, ती गरजच आपल्याविरुद्ध वापरणारे. तिथे पुन्हा पुन्हा हात पसरायला कुणी सांगत नाही. पण दुर्योधनाचा अनुभव घेऊन कृष्णाशीही अबोला धरायचा, ही चूक आपण करायची नाही. ज्याच्यापाशी 'तू माझा आहेस' असं म्हणता येतं, असं एक माणूस शोधा. सुरुवात तिथून.

आजचा अभ्यास

१. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीच्या वीस-पंचवीस ओव्या मोठ्याने वाचा. सार्थ प्रत घ्या. मोठ्याने अशासाठी, की मागणारा आवाज आपल्या स्वतःच्या कानांना ऐकू यावा.

२. एका कागदावर एकच गरज लिहा. छोटी. "मला रविवारी दुपारी दोन तास एकटं हवंय." "मला हा विषय पुन्हा समजावून हवाय." "मला पैसे परत हवेत." यादी नको.

३. आधी ती देवापुढे बोला. मनात नाही, तोंडाने. त्याला माहीत असतंच. पण अर्जुनाच्या मनातलंही त्याला माहीत होतं, आणि तरी त्याने अर्जुनाला बोलू दिलं. सांगायची गरज आपल्याला असते.

४. मग योग्य माणसापाशी, चार भागांत, पुढच्या तीन दिवसांत. हळूच. थोडंसं. भीत भीत चालेल.

शेवटी

एक सांगायचं राहिलं.

दादाशी बोलले त्याच मंगळवारी आई बाहेर आली, तेव्हा तिचा हात धरला. बर्फासारखा. मी म्हटलं, "आई, एवढी गार?" म्हणाली, "आत फार थंडी वाजते गं. एसी असतो, आणि रक्त बाहेर फिरून येतं ना. पहिल्या दिवसापासून वाजते."

"मग सिस्टरना ब्लँकेट मागायचंस ना!"

"त्या किती धावपळीत असतात. त्यांना कशाला त्रास."

सात महिने. माझी आई आत कुडकुडत होती आणि मी बाहेर. दोघींच्या मध्ये एक दार, आणि दोघीही कुणाला त्रास नको म्हणून गप्प. माझी भीड कुठून आली ते मला त्या क्षणी कळलं.

मी तिची माफी मागितली, शनिवारबद्दल. मग घरी येऊन तिला आजच्या ओव्या वाचून दाखवल्या. लेकराला आईपाशी अवेळ नसते, तिथे आली तेव्हा तिने मला थांबवलं. म्हणाली, "परत वाच."

गुरुवारी मी तिला आत सोडून वळले होते. दार लागायच्या आधी तिचा आवाज ऐकू आला. बारीक, थोडा कापरा. "सिस्टर, एक पांघरूण मिळेल का हो?"

"हो आजी, देते ना. आधी का नाही सांगितलंत?"

माऊली, आमच्या गळ्यातली ही गाठ सुटू दे. जे खरं आहे ते गोड शब्दांत बोलता येऊ दे. आणि कुणी आमच्यापाशी भीत भीत काही मागायला आलं, तर ते पुरतं ऐकून घ्यायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.